मॉरिशसच्या उसातली एकटी चिमणी, अंगणातली काहील आणि ‘मोरस’ : साखर कारखान्यातल्या जाणकारांना विचारायचंय

गोदाकाठची (नाशिक)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

लेकीच्या बाळंतपणासाठी या वर्षी अडीच महिने मॉरिशसला होते. लोक तिथे समुद्र बघायला जातात, मी दुपटी वाळत घालत होते. लेक-जावई बेटाच्या उत्तरेला भाड्याने राहतात. घरामागे अंगण, आणि अंगणाच्या कोपऱ्यात एक भलीमोठी लोखंडी काहील अर्धी जमिनीत पुरलेली. आत पाणी आणि कमळं. दोरीवरची दुपटी वाळेपर्यंत दुसरं काम नसायचं, म्हणून एकदा वीत लावून मोजली. तोंडाशी पाच विती आणि चार बोटं भरली. काठ अंगठ्याएवढा जाड. घरमालक सत्तरीचे आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, “बात्री.” मी म्हटलं, यात बॅटरी कुठून आली? जावयाने मध्ये पडून सांगितलं की साखर कारखान्यातली जुनी वस्तू आहे, मालकांच्या आजोबांच्या वेळेपासून इथेच आहे. त्यापुढे त्यांनाही काही माहीत नाही.

मग एका रविवारी बाळाला शेजारणीकडे ठेवून आम्ही बाहेर पडलो. पांपलमूसची बाग पाहिली, तिच्याजवळच बो प्लां नावाच्या जुन्या कारखान्यात साखरेचं संग्रहालय केलंय, तेही पाहिलं. हा कारखाना १९९९ ला बंद पडला आणि २००२ मध्ये त्याचं संग्रहालय झालं. आपल्याकडे कारखाना बंद पडला की आधी पत्रे जातात, मग भंगारवाला येतो. तिथे रोलरसुद्धा पुसून ठेवलेत. येताना वाटेत उसाच्या मधोमध एक चिमणी दिसली. आजूबाजूला कारखाना नाही, भिंत नाही, नुसता ऊस आणि त्यात काळ्या घडीव दगडाची चिमणी. दगड अगदी काळारामाच्या देवळाचा असावा असा. गाडी थांबवून पाहत बसले. जावयाने दोनदा घड्याळ दाखवलं.

संग्रहालयातून एक चित्र घेऊन आले. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या उकळीघराचं आहे. त्यात पाच काहिली एका ओळीत आहेत, पण प्रत्येक पुढची मागचीपेक्षा लहान, आणि लांब दांड्याची पळी घेतलेली माणसं रस या काहिलीतून त्या काहिलीत टाकताहेत. जाळ मात्र एकाच टोकाला. असं का? पाच चुली का नाहीत? आणि उघड्या काहिलीत साखर होते तरी कशी, तिचा गूळ नाही का होत?

दुसरं, माझी आजी, येवल्याची, वाण्याकडे पाठवताना “मोरस आण शेरभर” म्हणायची. आम्हाला तो साखरेचा छाप वाटायचा. मॉरिशसचंच ते मोरस का? आणि त्या कारखान्यांवर आपल्याकडची माणसं होती का?

निफाडचा_बाळ्या

ताई, मस्त लिहिलंय. मजुरांची पहिली जी तुकडी मॉरिशसला गेली ती ३६ जणांची आणि ते सगळे धनगर होते असं मी वाचलंय. म्हणजे आपलेच! बाकी काहिलीचं उत्तर पॅनमन काकांशिवाय कोण देणार. काका, या.

पॅनमन (निवृत्त)

आलो. ताई, तुमच्या काहिलीने माझी दुपारची झोप घालवली.

आधी माझी लायकी सांगतो. जिल्ह्यातल्या एका सहकारी कारखान्यात माझी पस्तीस हंगाम नोकरी झाली, त्यातली शेवटची बावीस वर्षं पॅनवर, म्हणजे साखर शिजवायच्या बंद भांड्यावर. त्याआधी आमचं कादवेकाठी स्वतःचं गुऱ्हाळ होतं. वडील गुळवे. म्हणजे काहील पण पाहिली आणि व्हॅक्युम पॅन पण. तुमचं चित्र या दोन्हींच्या मधलं आहे, म्हणून मला ते लगेच वाचता आलं.

आपल्या गुऱ्हाळावर एक काहील, एक चुलवण, एक आदण. रस ओतला, चिपाडाचा जाळ घातला, मळी वर आली की झाऱ्याने काढली, भेंडीचं पाणी सोडलं, आणि रस आटत आटत गूळ झाला की सगळे मिळून काहील उचलायची आणि वाफ्यात ओतायची. मग काहील धुवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. दिवसाला अशी मोजकीच आदणं निघतात. घरच्या एकरभर उसाला ते परवडतं. मॉरिशसचा मळेवाला शेकडो एकर ऊस घेऊन बसलेला. त्याला काहील रिकामी व्हायची वाट बघत थांबता येत नव्हतं.

म्हणून त्यांनी रसाला चालायला लावलं. सगळ्यात मोठ्या काहिलीत ताजा रस आणि चुना. तिथे तो तापतो, मळी वर येते, ती काढायची. थोडा आटला की पळीने पुढच्या काहिलीत. तिथे अजून आटतो, म्हणून ती काहील लहान चालते. मग तिसरी, चौथी, आणि शेवटची सगळ्यात लहान. मागच्या काहिली सतत भरल्या जातात, पुढची सतत रिकामी होते. फ्रेंच लोकांच्या बेटांवर प्रत्येकीला नाव होतं. ग्रांद म्हणजे मोठी, प्रॉप्र म्हणजे स्वच्छ करणारी, फ्लांबो, सिरो, आणि शेवटची बात्री. तुमचे घरमालक बरोबर बोलले. फक्त एक आहे, बात्री हा शब्द त्या अख्ख्या ओळीलाही वापरत. म्हणजे तुमची कमळाची काहील शेवटचीच असेल असं नाही.

आता जाळ. जाळ शेवटच्या लहान काहिलीखाली, आणि चिमणी दुसऱ्या टोकाला. मधे काहिलींच्या बुडाखालून भुयारासारखी वाट. चिमणी ओढ धरते, ज्वाळा आणि धूर सगळ्या काहिलींच्या बुडाला चाटत मागे जातो आणि शेवटी वर. सर्वांत कडक आच जिथे रस सर्वांत घट्ट तिथे, आणि कोमट धूर जिथे रस ताजा तिथे. पाच चुलींचं जळण एका चुलीत भागतं. जळण काय, तर चिपाड. पण त्या काळच्या घाण्यातून निघणारं चिपाड ओलंगच्च असायचं, ते उन्हात पसरून वाळवावं लागे. पाऊस लागला की संपलं. माझ्या वडिलांचं पावसाशी कायमचं भांडण होतं ते याच कारणाने. तुम्ही पाहिलेली चिमणी ही त्या काहिलींच्या ओळीची किंवा नंतरच्या वाफेच्या बॉयलरची, पण काम तेच, ओढ धरायचं. ती उंच हवी, म्हणून ती सर्वांत भक्कम बांधत, आणि म्हणूनच तेवढी उरली.

आता गूळ का होत नाही. ताई, काही अंशी गूळच होतो! फरक शेवटच्या काहिलीत आणि त्यानंतर आहे. आम्ही गुळात रसातलं सगळं आतच ठेवतो. वडील पाण्याच्या तांब्यात थेंब टाकून गोळी बांधते का बघायचे, गोळी झाली की उतरवायचे. तिकडचा उकळ्या अंगठा आणि तर्जनीमध्ये पाक घेऊन तार ओढायचा. तार अमुक लांबीला तुटली की बास. तो पाक उथळ भांड्यात गार होऊ द्यायचा म्हणजे दाणे धरतात, आणि दाण्यांच्या भोवती काळी काकवी राहते. हे सगळं बुडाला भोकं असलेल्या पिंपात भरायचं आणि काकवी थेंबथेंब गळू द्यायची. आठवडेच्या आठवडे. खाली काकवी, आत तपकिरी ओलसर साखर. त्या काकवीची दारू.

यात मोठी गोम अशी की उघड्या काहिलीत पाक शंभर अंशांच्या बराच वर जातो. तेवढ्या आचेला साखर करपते, नाहीतर फुटते, म्हणजे दाणा धरायच्या लायकीची राहत नाही. सगळा पैसा काकवीत वाहून जातो. यावर उपाय १८१३ मध्ये इंग्लंडात हॉवर्ड नावाच्या गृहस्थाने काढला, तो व्हॅक्युम पॅन. झाकणबंद भांडं, आतली हवा ओढून घ्यायची, मग पाक साठ-पासष्ट अंशांवरच उकळतो. शेजारच्या रियुनियन बेटावर वेट्झेल नावाच्या माणसाने मधला, स्वस्तातला मार्ग काढला. उघडंच भांडं, पण त्यात फिरतं चक्र, कमी आचेवर पाक हलवत आटवायचा. ज्यांना व्हॅक्युम परवडत नव्हता असे कितीतरी मळेवाले त्यावर गेले. शतकाच्या मध्यावर सेंट्रिफ्युगल आलं. जी काकवी गळायला आठवडे लागायचे ती गरगर फिरवून काही मिनिटांत बाहेर. आणि रस आटवायला एका भांड्याची वाफ दुसऱ्या भांड्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, ही युक्ती अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्सच्या नॉर्बर्ट रिल्यू यांची, १८४० च्या दशकातली. त्यांची आई कृष्णवर्णीय, पण गुलाम नव्हे, मोकळी. आपल्या कारखान्यात ज्याला आम्ही क्वाड म्हणतो ना, ते आजही रिल्यूंचंच डोकं आहे. पाच काहिलींची ओळ आणि क्वाड यांत मला तरी भाऊबंदकी दिसते, एकाच आगीकडून चार कामं करून घ्यायची.

व्हॅक्युम पॅन म्हणजे सगळं सोपं झालं असं समजू नका. पंचवीस-सव्वीस इंच व्हॅक्युम, काचेच्या गोल खिडकीतून आत बघायचं, प्रूफ स्टिकने मासला काढून काचेवर पसरवायचा आणि दिव्यासमोर धरून दाणा बघायचा. दाणा धरला की त्याला वाढवायचं, नवा दाणा पडू द्यायचा नाही. नवीन पडला तर मालात खोट. हे पुस्तकात येत नाही. एका हंगामात, जानेवारीत, रात्रपाळीला, मला डुलकी लागली. फार तर वीस मिनिटं. तेवढ्यात वाफेचं प्रेशर पडलं आणि पॅनमधला मॅसेक्विट, म्हणजे दाणे आणि काकवीचा घट्ट लगदा, दगड झाला. खालचा व्हॉल्व्ह उघडला, काही येईना. गरम पाणी सोडून सोडून तो विरघळवायला तीन पाळ्या गेल्या. मुकाट्याने मेमो घेतला. चीफ केमिस्ट एवढंच म्हणाले, “पाटील, एवढा मोठा लाडू मी आयुष्यात पाहिला नाही.” त्यानंतर पॅनवर चहा सोडून काही घेतलं नाही, बसलो पण नाही.

आता मोरस. हो, तेच. जुने लोक बेटाला मोरस म्हणत आणि तिथून आलेल्या साखरेलाही मोरस. गुजराती शेजारी असतील तर विचारा, त्यांच्याकडे आजही साखरेला मोरस म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात बीटाची साखर स्वस्त झाली आणि मॉरिशसवाल्यांनी माल मुंबईकडे वळवला. जहाजं इकडून तांदूळ घेऊन जात, येताना साखर. तिथलं चलन रुपया झालं तेही त्याच काळात, १८७० च्या दशकात. पोती सुद्धा तिकडे व्हाकोआ म्हणजे केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पातीची विणत. १९०५ च्या स्वदेशी चळवळीत आपल्याकडे परदेशी साखरेवर बहिष्कार पडला, ती हाडाच्या कोळशाने शुद्ध करतात म्हणून देवाच्या नैवेद्याला गूळ किंवा देशी साखर वापरायचे. आमच्या आजीने तर शेवटपर्यंत सत्यनारायणाचा प्रसाद गुळाचाच केला. आपल्याकडे कारखाने फोफावले ते १९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्यानंतर. आपल्या जिल्ह्यात रावळगावला वालचंद हिराचंदांचा कारखाना १९३३ चा.

मजुरांचं मला तितकंसं माहीत नाही. त्यासाठी वाचनालयवाले येतील.

गोदाकाठची

काका, नमस्कार तुम्हाला. चित्र पुन्हा काढून बघितलं. चिमणी खरंच दुसऱ्या टोकाला आहे, मी ती वेगळी इमारत समजत होते. आणि तो “लाडू” वाचून घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

सावानातला_वाचक

(सावाना म्हणजे आपलं सार्वजनिक वाचनालय, नाशिक. मी तिथे सभासद आहे, नोकरीला नाही. लोक दर वेळी पुस्तक राखून ठेवायला सांगतात.)

आधी बाळ्याचं. बाळ्या, ते आपले धनगर नव्हेत रे. १८३४ मध्ये कलकत्त्याहून ‘ॲटलस’ जहाजाने जे ३६ जण गेले त्यांना कागदात ‘धांगर’ म्हटलंय. कलकत्त्याकडे छोटा नागपूरच्या उराँव, मुंडा अशा डोंगरी मजुरांना ते नाव होतं. मेंढरांशी त्याचा संबंध नाही. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठीत धनगर करणारा तू पहिला नाहीस आणि शेवटचाही नसशील.

१० सप्टेंबर १८३४ ला कलकत्त्यात मॅजिस्ट्रेटसमोर करार झाला, २ नोव्हेंबरला ते पोर्ट लुईला उतरले. त्यांना नेलं हंटर-आर्बथनॉट कंपनीच्या बेल अलियांस मळ्यावर. तो मळा पुढे आंत्वानेत नावाने ओळखला जाऊ लागला. रिव्हियेर द्यू रांपार जिल्ह्यात, म्हणजे बेटाच्या उत्तरेलाच. तिथेही जुन्या कारखान्याची चिमणी उभी आहे. गोदाकाठच्या ताईंना दिसली ती हीच की दुसरी हे फोटो पाहिल्याशिवाय बोलणं बरं नाही, उत्तरेत अशा बऱ्याच आहेत.

तेव्हाच का, तर तारखा बघा. मॉरिशसमध्ये गुलामगिरी रद्द झाली १ फेब्रुवारी १८३५ ला. मळेवाल्यांना कळून चुकलं होतं की मोकळी झालेली माणसं उसात थांबणार नाहीत. ब्रिटिश सरकारने भरपाई दिली, वीस लाख पौंडांहून जास्त, ती मालकांना. राबलेल्यांना छदाम नाही. मालकांनी त्या पैशात यंत्रं आणली आणि हिंदुस्थानातून माणसं. आधी १८२५ मध्ये लंडनने मॉरिशसच्या साखरेवरची जकात वेस्ट इंडिजच्या साखरेएवढी केली होती, त्यामुळे बेटभर ऊसच ऊस झाला होता.

करार असा: पाच वर्षं, पुरुषाला महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ, तेल आणि कापड. जहाजात चढण्याआधी सहा महिन्यांचा पगार आगाऊ. ३६ जणांवर एक सरदार, त्याला जास्त पगार. पुढच्या पाऊणशे वर्षांत असे साडेचार लाखांच्या आसपास लोक गेले. त्यातले बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून. पण हाल-अपेष्टांच्या बातम्या येऊन मधे बंदी आली होती, ती १८४२ मध्ये उठली तेव्हा मुंबई बंदरातूनही परवानगी मिळाली. आपली मराठी माणसं त्यातून गेली, मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातली. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही झाकरी नाचतात. कोकणातली जाखडीच ती. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सुट्टी असते.

मळ्यावरचा सर्वांत कुप्रसिद्ध नियम म्हणजे दुहेरी कपात. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार गेला. आजारी पडलात तरी. शिवाय पगार महिनोन्‌महिने थकवायचे. करार संपलेल्या माणसाला सुद्धा सुटका नाही. १८६७ च्या कायद्यानंतर फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. परवाना घरी विसरून शेजारच्या गावात गेलात तर पोलीस भटक्या म्हणून आत टाकत. हे नेमकं कधी, तर १८६६ ते ६८ च्या दरम्यान बेटावर मलेरियाने हजारो माणसं मरत होती तेव्हा.

१८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या एका गोऱ्या मळा-व्यवस्थापकाने या जुन्या मजुरांचा अर्ज लिहून दिला. त्यावर ९,४०१ सह्या आणि अंगठे. मळेवाल्यांनी त्याला बेटातून हाकला म्हणून ओरडा केला, पोर्ट लुईत मारहाणही झाली. पण चौकशीसाठी रॉयल कमिशन आलं. दोन सदस्यांपैकी एक डब्ल्यू. ई. फ्रिअर, मुंबई इलाख्यात आयुष्य काढलेले निवृत्त अधिकारी. १८७५ च्या त्यांच्या अहवालात पगारकपात आणि पोलिसांचा जाच दोन्ही उघडे पडले.

चिमण्या एकट्या का पडल्या तेही सांगतो. शतकाच्या मध्यावर त्या एवढ्याशा बेटावर अडीचशेच्या वर कारखाने होते. १८६४ मध्ये रेल्वे आली, ऊस लांब नेता येऊ लागला. पॅन काकांनी सांगितलेली यंत्रं महाग, ती लहान मळेवाल्याला झेपेनात. भाव पडले. मग चार कारखाने बंद करून एक मोठा, असं होत होत आज बेटावर तीन उरलेत. बंद पडलेल्या मळ्यांनी १८८० नंतर जमिनीचे तुकडे पाडून विकले आणि ते घेतले कोणी, तर ज्यांचे बाप तिथे कराराने आले होते त्यांनी. ताई, तुमच्या घरमालकांच्या अंगणात काहील कशी आली असेल याचा अंदाज यावरून करता येईल. जमिनीबरोबर भंगारही मिळत असणार.

नावं शोधायची असतील तर मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आलेल्या प्रत्येकाच्या नोंदी आहेत. नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण.

पॅनमन (निवृत्त)

वाचकसाहेब, उत्तम. पण तुम्ही ते सगळं फार पुस्तकी शब्दांत लिहिलंत. सहा महिन्यांचा पगार आगाऊ म्हणजे उचल. सरदार म्हणजे मुकादम. आणि दुहेरी कपात म्हणजे खाडा.

पॅनवर जायच्या आधी मी दोन हंगाम स्लिप बॉय होतो. फडात जायचं, कुणाची किती मोळी, कुठली गाडी, कुठला गट, हे लिहायचं. टोळ्या नांदगाव, चाळीसगाव, बीडकडच्या. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून, बाई एकटी मोजतच नाहीत. उचल दिवाळीआधी घेतलेली, ती फेडायला हंगाम.

एका टोळीत एक बाई तापाने दोन दिवस कोपीतच, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, पडून होती. तिसऱ्या दिवशी फडात आली, माझ्याकडे वही पाहिली आणि म्हणाली, “भाऊ, मुकादमाच्या वहीत आमच्या नावापुढं काय लिव्हलंय तेवढं वाचून दाखव.” मुकादम पाणी प्यायला गेला होता, वही गाडीवर पडलेली. मी उघडली. तिच्या नवऱ्याच्या नावापुढे ‘खाडा २’ आणि समोर चार दिवसांची रक्कम वजा. मी वाचून दाखवलं. तिने बोटांवर मोजलं, पुन्हा एकदा मोजलं, आणि कोयता घेऊन सरीत गेली. मी काहीच बोललो नाही. एकोणीस वर्षांचा होतो, नोकरी कच्ची होती.

दोनाचे चार. प्लेव्हित्झचा अर्ज वाचायला मिळेल का कुठे, मराठीत?

सावानातला_वाचक

मराठीत माझ्या पाहण्यात नाही, काका. इंग्रजी माझ्याकडे आहे. रविवारी या वाचनालयात, मी वाचून मराठीत सांगत जातो, तुम्ही कारखान्याचे शब्द घाला.

दगडधोंडे

मजुरांवर माझ्याकडे भर घालण्यासारखं काही नाही, फक्त ताईंच्या काळारामाच्या दगडासाठी आलो. ताई, तुमची नजर बरोबर आहे. दोन्ही बेसॉल्टच. नुसतं तेवढंच नाही, आपला सह्याद्री ज्या तप्त ठिकाणाच्या लाव्ह्यातून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झाला, पृथ्वीचं कवच त्याच ठिकाणावरून सरकत सरकत पुढे मॉरिशस झालं, साधारण ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी. ते ठिकाण आज रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी चालू आहे. मॉरिशसच्या शेतात उसाच्या मधे दगडांचे पिरॅमिडसारखे ढीग दिसले असतील. ती मजुरांनी हाताने वेचून रचलेली रास आहे. उसाला जमीन मोकळी करायची म्हणून.

गोदाकाठची

ढीग दिसले होते! मला वाटलं कुणाच्या समाध्या आहेत, मी एकाला हातसुद्धा जोडला. जावई हसला होता, आता त्याला हा धागा पाठवते.

काका, काहिलीचं राहिलंच. माझ्या मोजणीवरून ती शेवटची की आधीची सांगता येईल का? माझी वीत नऊ इंच धरा.

पॅनमन (निवृत्त)

म्हणजे तोंडाशी चार फूट. शेवटची असू शकते, शेवटून दुसरी पण असू शकते. नुसत्या मापावर मी सही करणार नाही. बूड बघावं लागेल. शेवटच्या काहिलीला थेट जाळ, तिचं बूड मधोमध जळून पातळ होतं, लोखंडाला पापुद्रे सुटतात आणि बाहेरून खवले येतात. आधीच्या काहिलींना आच एका बाजूने येते, म्हणून एकच कड जास्त खाल्लेली दिसते. पाणी उपसून, उकरून, उलटी करून फोटो काढायला सांगा.

गोदाकाठची

लेकीला फोन केला, तिने मालकांना विचारलं. पाणी उपसायला साफ नकार. आत बेडकांनी अंडी घातली आहेत म्हणे, आणि या महिन्यात कमळाला कळ्या आहेत. पण हाताने चाचपून बघायला हरकत नाही म्हणाले. लेकीने बाही वर करून काखेपर्यंत हात घातला. चिखलाखाली बुडाच्या मधोमध खडबडीत लागतंय आणि वाटीएवढं ठिगळ आहे, रिव्हेट मारलेलं. चार रिव्हेट मोजले, पाचवा मोजताना बेडूक हाताला लागला.

पॅनमन (निवृत्त)

मधोमध? मग बात्रीच. ठिगळ आहे म्हणजे बूड एकदा फुटलं होतं आणि हंगाम चालू होता.